शांतता समितीत पोरं कुठे आहेत?

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातलं 'सर्वधर्म संवाद' हे सत्र आयत्या वेळी रद्द केलं. पत्रिकेवर एक कीर्तनकार, एक मौलाना, एक फादर आणि एक भंतेजी अशी चार नावं होती. प्रत्येकी वीस मिनिटं, मग आभार, मग अल्पोपहार. कुणीतरी ती पत्रिका पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, दोन दिवस फोनाफोनी झाली, आणि त्या जागी 'व्यक्तिमत्त्व विकास' येऊन बसला. पुढचे पंधरा दिवस जो वाद चालला तो मी रोज वाचत होतो. एक बाजू म्हणत होती, पोरांना शिकायला पाठवलंय, मौलानांची प्रवचनं ऐकायला नाही. दुसरी म्हणत होती, ही आपल्या गंगा-जमनी संस्कृतीची हत्या आहे. मला दोन्हींतलं काहीच पटलं नाही. ते सत्र झालं असतं तरी काही बिघडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर काही घडलंही नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेगवेगळ्या धर्मांच्या तरुण पोरापोरींमध्ये संवाद व्हायला हवा, आणि तो घडवून आणणं हे शाळा-कॉलेजांचं, तरुण मंडळांचं, तालमींचं कामच आहे. पण भाषणांनी, सद्भावना फेऱ्यांनी आणि शिरखुर्मा-मोदकाच्या फोटोंनी तो होत नाही. या पोरांवर मिळून एखादी जबाबदारी टाकावी लागते, ती बरेच दिवस त्यांच्याकडे ठेवावी लागते, आणि काम चालू असताना एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारायची मुभा द्यावी लागते. या तिन्हींतलं एक जरी गळलं तरी मागे उरतो तो फक्त समारंभ.

2023 हे साल आठवून बघा. 7 जूनला कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, शहर बंद झालं, इंटरनेट तोडावं लागलं. स्टेटस ठेवल्यावरून ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलं होती. त्याच महिन्याच्या 29 तारखेला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी आपण होऊन त्या दिवशी कुर्बानी द्यायची नाही असं ठरवलं. 10 सप्टेंबरला सातारा जिल्ह्यात पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा मशिदीत जीव गेला. 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुंबईतला ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला गेला. चार महिन्यांत दोनदा पेटलं आणि दोनदा सावरलं. सावरणारे निर्णय कुठे झाले? पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत, जमातीच्या ट्रस्टींमध्ये, गावच्या पुढाऱ्यांच्या ओसरीवर. म्हणजे केस पिकलेल्यांमध्ये. आणि पेटलं ते कुणाच्या हातातल्या फोनवरून? ज्यांना त्या बैठकांना कधी कुणी बोलावलंच नव्हतं, त्यांच्या.

आणखी एक गोष्ट त्या वर्षी फारशी कुणी बोललं नाही. आषाढीला आणि चतुर्दशीला, दोन्ही वेळा एकाच बाजूने पुढे ढकललं. त्यामागचा समजूतदारपणा खरा होता, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण एखाद्या अठरा वर्षांच्या मुस्लिम मुलाने विचारलं, "दर वेळी आपणच का?", तर त्याला उत्तर देणारं कोण आहे? घरातले म्हातारे म्हणतील, गप बस. मोबाइलवरचा कुणीतरी भलताच माणूस मात्र त्याला सविस्तर उत्तर देईल. तसंच एखाद्या हिंदू मुलाच्या मनातही प्रश्न असतील: भोंग्याचे, रस्त्यावरच्या नमाजचे, 'आमच्याच इतिहासावर का बोलायचं नाही' याचे. त्यालाही घरात आणि वर्गात 'असं बोलू नये' एवढंच ऐकायला मिळतं. जे प्रश्न आपण शिष्टाचार म्हणून दाबतो, ते दुसरीकडे जाऊन उत्तरं शोधतात.

आता विरोधातले मुद्दे. त्यातले काही फार वजनदार आहेत.

सगळ्यात मोठा मुद्दा असा, की दंगली अज्ञानातून होत नाहीत. त्या घडवल्या जातात. एकमेकांना न ओळखणारे लोक भांडतात असं समजून ओळखी करून देत बसायचं, म्हणजे साप समजून भुई धोपटणं. मिरज घ्या. सतारी बनवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर उरसाचा पहिला गलेफ, म्हणजे चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्याच दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायला कुठले-कुठले गवई येतात, त्यांत धर्म कुणी विचारत नाही. ओळख कमी होती म्हणता येईल का इथे? तरी 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून हेच मिरज पेटलं आणि झळ सांगली-इचलकरंजीपर्यंत गेली. विधानसभेची निवडणूक महिन्याभरावर होती. कोल्हापुरातल्या बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच छताखाली बसतात, आणि 2023 चा जून याच कोल्हापुरातला.

हे सगळं मला मान्य आहे. इतकंच काय, या मुद्द्याला मी आणखी एक जुना पुरावा जोडतो, कारण 'आपण पूर्वी सगळे सण एकत्र करायचो' हे पालुपद लावणाऱ्यांना तो सहसा आठवत नाही. 1893 च्या आधी पुण्यात मोहरम हा हिंदूंचाही सण होता. हिंदू घरांतून ताबूत बसत, नवस बोलले जात, मिरवणुकीत वाघाची सोंगं घेऊन हिंदू पोरं नाचत. 1893 च्या ऑगस्टात मुंबईत दंगल झाली, आणि पुढच्याच वर्षी पुण्यातल्या हिंदूंनी मोहरमकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी गणपती मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आला, आणि मेळ्यांतल्या पदांतून 'डोल्यांना', म्हणजे ताबुतांना, 'सोडा' असा उपदेश होऊ लागला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नाचलेले लोक एका वर्षात वेगळे झाले. इतकं पटकन का तुटलं? माझ्या मते, ते एकत्र नाचले होते, पण एकत्र बसून काही ठरवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मशिदीपुढे वाजवायचं की नाही, मिरवणूक कुठून न्यायची, भांडण झालं तर कुणाकडे जायचं, हे दोन्हीकडच्यांनी समोरासमोर बसून सोडवण्याची जागाच नव्हती. सण सामायिक होता, व्यवस्था नव्हती.

म्हणूनच विरोधकांचा मुद्दा मान्य करूनही मी त्यांच्या निष्कर्षापर्यंत जात नाही. काडी ओढणारा राजकारणी असतो, कबूल. पण दरवेळी, दर गावात, ती काडी पेटतेच असं नाही. का नाही, हे शोधायला भिवंडीइतकं चांगलं ठिकाण नाही. 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. 1984 मध्ये पुन्हा तेच. यंत्रमागांच्या त्या गावात हिंदू आणि मुसलमान एकमेकांवाचून दोन दिवसही धंदा करू शकत नव्हते, तरी दोनदा कत्तल झाली. आणि 1992 च्या डिसेंबरात, पन्नासेक किलोमीटरवरची मुंबई जळत असताना, तीच भिवंडी शांत राहिली. मधल्या काळात तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत व्यासपीठावरचे ठरलेले पुढारी जाणीवपूर्वक मागे ठेवले होते. दुकानदार, मागवाले, गल्लीतली साधी माणसं दोन्हीकडून घेतली होती. त्या बसायच्या नियमाने. बोलायच्या काय? धर्मावर नव्हे. गटारावर, नळावरच्या भांडणावर, कुणाच्या पोराने कुणाची छेड काढली त्यावर. अफवा आली की खरं-खोटं विचारायला पलीकडच्या बाजूला कुणाला गाठायचं, हे प्रत्येकाला ठाऊक झालं होतं. डिसेंबरात उपयोगाला आलं ते हेच.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या घेऊन हाच प्रश्न मोठ्या पटावर तपासला होता. त्यांना दिसलं ते असं: शेजारपाजार, सणासुदीचं येणंजाणं हे चांगलंच, पण मोठा धक्का बसला की ते कोलमडतं. टिकतात त्या संघटना, म्हणजे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब, जिथे दोन्ही धर्मांच्या लोकांचं काहीतरी एकत्र गुंतलेलं असतं. मिरजेचं आणि पुण्याच्या ताबुतांचं कोडं मला तरी यातून बऱ्यापैकी सुटतं.

मग यात तरुणांचं काय? भिवंडीच्या समित्या प्रौढांच्या होत्या. 1990 मध्ये अफवा पानाच्या टपरीवरून चालायची, आणि टपरीवर प्रौढ माणसंच उभी असत. आता ती ज्या वाटेने चालते त्या वाटेवर सोळा ते पंचवीस वयाचा पहारा आहे, किंवा पहाराच नाही. त्या वाटेवर पोचायचं तर पोरांमधूनच जावं लागेल.

इथे संशोधन काय सांगतं तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण ते माझ्या बाजूचं पूर्ण नाही. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा घेऊन एक प्रयोग झाला. प्रश्न जातींचा होता. मिश्र जातींच्या संघांतून एकत्र खेळलेल्या मुलांच्या परजातीतल्या मैत्र्या वाढल्या. पण जी मुलं फक्त प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आली, त्यांच्यात उलटा परिणाम दिसला. आपल्याकडे 'अमुक मोहल्ला विरुद्ध तमुक पेठ' असे 'सद्भावना चषक' भरवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. दुसरा प्रयोग इराकमधला, 2020 साली प्रसिद्ध झालेला. आयसिसने हाकलून दिलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले गेले. संघातल्या मुसलमानांशी त्यांचं वागणं खरोखर बदललं, सहा महिन्यांनीही ती मुलं एकत्र सराव करत होती. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलचा दुरावा फारसा हलला नाही. थोडक्यात, माझा मित्र अस्लम चांगला, बाकीचे तसलेच. हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, काहींनी उच्चारलेलंही आहे.

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. मनं बदलणं हे युवककार्याचं माप धरलं तर ते नापासच होणार. पण दंगलीच्या रात्री लागते ती जातिवंत उदारता नव्हे, लागतो एक फोन नंबर, आणि तो नंबर लावावासा वाटेल इतका भरवसा. 'बाकीचे तसलेच' म्हणणारा मुलगासुद्धा अस्लमला फोन करून विचारतो, तुमच्याकडे खरंच काय झालं? भिवंडीत मनं बदलली होती असा दावा कुणी करत नाही. फोन लागत होते.

दुसरा वजनदार मुद्दा बरोबरीचा. ज्यांना शहरात भाड्याने घर मिळत नाही, नाव सांगितलं की 'मालक गावाला गेलेत' असं ज्यांना ऐकावं लागतं, त्यांना संवादाच्या सतरंजीवर बसवून गोड बोलायला लावणं ही क्रूर चेष्टा आहे. आधी बरोबरी, मग गप्पा. या युक्तिवादाला शाहू महाराजांचा आधार आहे असंही म्हणता येईल. महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. त्यात वरच्या जातीचीच मुलं भरली. मग 1901 पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत अशी एकेक वेगळी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली. 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी संस्था उभी केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. वेगळं ठेवून वर आणायचं, असा तो विचार. पण गंमत अशी, की बोर्डिंगं वेगळी असली तरी राजाराम कॉलेज एकच होतं. जेवण आपापल्या पंक्तीत, पण वर्गातला बाक सामायिक. बरोबरी आणि सहवास या दोन पायऱ्या एकामागून एक चढायच्या नसतात, हे त्या राजाला कळलं होतं. आणि बरोबरी नसल्याचा राग व्यक्त करायलाही जागा लागते. घर नाकारल्याची गोष्ट ज्याला नाकारलं त्याच्या तोंडून, वर्गमित्र म्हणून, ऐकली नसेल तर बाकीच्यांना ती कळणार कुठून?

तिसरा आक्षेप आईबापांचा. तो पुरोगामी मंडळी हसण्यावारी नेतात, ते चूक आहे. मुलीच्या आईला धर्मचर्चेची भीती नसते. तिला भीती असते ती ओळखीची, आणि ओळखीतून पुढे जे होऊ शकतं त्याची. 2022 च्या डिसेंबरात सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवणारी समन्वय समिती नेमली आणि दोन-तीन दिवसांत त्यातला 'आंतरजातीय' शब्द काढून टाकला. म्हणजे धास्ती नेमकी कशाची आहे हे शासन निर्णयातच लिहिलं गेलं. अशा आईला मी काय सांगू? प्रेम होणारच नाही अशी हमी मी देणार नाही, कुणी देऊ शकत नाही. एवढंच सांगेन, की तुमची मुलगी एसटीत, क्लासमध्ये, इन्स्टाग्रामवर सगळ्यांना भेटतेच आहे. शिबिरात निदान भोवती चाळीस जण असतात.

चौथा आक्षेप श्रद्धावंतांचा, आणि मला तो सगळ्यात रास्त वाटतो. ते म्हणतात, तुमच्या संवादात 'सगळे धर्म एकच सांगतात' हे आधीच ठरलेलं असतं, मग बोलायचं काय? खरंच आहे. सगळे धर्म एकच सांगत नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्याच काही प्रतिज्ञा हिंदू देवदेवता नाकारणाऱ्या आहेत. 'सगळं एकच' म्हणणाऱ्याने त्या प्रतिज्ञांचं काय करायचं? 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात 11.54 टक्के मुसलमान आणि 5.81 टक्के बौद्ध आहेत, पण आपल्या सर्वधर्म चित्रात हिंदू, मुस्लिम, शीख, ईसाई अशी चार टोप्यांची पोरं उभी केली जातात. बौद्ध मुलगा चित्राच्या बाहेरच.

मी स्वतः काही वर्षं सेवा योजनेचं काम बघत होतो. शिबिरात रोज सकाळी विनोबांची सर्वधर्म प्रार्थना व्हायची. त्या नाममालेत परमेश्वराची नावं म्हणून अनेक धर्मांतली नावं येतात, आणि त्यांत बुद्धही येतो. तिसऱ्या दिवशी एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, बुद्ध देव नव्हता. मग त्याला देव म्हणणारी प्रार्थना मी कशी म्हणू?" मी त्याला काय सांगितलं असेल? "अरे, भावना समजून घे." आजही त्या उत्तराची लाज वाटते. सर्वधर्माच्या नावाखाली त्याच्या धर्मातली मध्यवर्ती गोष्टच मी त्याला गिळून टाकायला सांगत होतो. राज्यघटनेचं कलम 28 सांगतं, की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे त्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पालक सक्तीच्या प्रार्थनेविरुद्ध बोलले असते, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. मात्र धर्मांविषयी शिकणं आणि धर्माची शिकवण देणं यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पहिल्याला घटनेची आडकाठी नाही.

त्याच शिबिराची दुसरी आठवण. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून बंधारा घालायचं काम होतं, आणि स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. पाळ्या लावताना आम्ही हजेरीपटाप्रमाणे नावं टाकली, त्यामुळे एका तुकडीत एक जैन मुलगी, दोन मुस्लिम मुलं, एक बौद्ध, बाकी मराठा-धनगर असा गट पडला. पहिल्या रात्री भांडण झालं ते कांदा-लसणावरून. जैन मुलीसाठी वेगळी भाजी करायची तर कुठल्या पातेल्यात? त्या पातेल्यात आदल्या दिवशी अंडी उकडली होती. बराच वेळ घासाघाशी झाली, पातेल्याचीही. चौथ्या रात्री विषय भोंग्यावर गेला. एक मुलगा म्हणाला, तुमच्या पहाटेच्या बांगेने माझ्या आजारी आजीची झोप मोडते. समोरचा म्हणाला, तुमच्या डीजेने माझ्या अब्बांच्या छातीत धडधडतं, दहा दिवस. मी धावत गेलो आणि नेहमीप्रमाणे 'विषय बदला' म्हणालो. सुदैवाने कुणी माझं ऐकलं नाही. मध्यरात्रीपर्यंत चाललं. आवाज चढले, मग उतरले, मग कुणीतरी चहा टाकला. सकाळी सगळे बंधाऱ्यावर होते, कारण पोती भरायचीच होती. एक भरायचा, एक तोंड धरायचा.

या गोष्टीचा शेवट गोड नाही. भोंग्यावर बोललेला तो मुलगा दोन वर्षांनी माजी शिबिरार्थींच्या ग्रुपवर तसलाच एक भडक व्हिडिओ टाकताना मी पाहिला. त्याच रात्री त्याने तो काढूनही टाकला. नंतर कळलं, डीजेची तक्रार करणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाने त्याला फोन केला होता. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. मनपरिवर्तन वगैरे झालं असेल असं मला वाटत नाही.

हमीद दलवाईंचा आक्षेप राहिला. तो संवादवाद्यांना सगळ्यात जास्त झोंबतो, म्हणून बहुधा त्याचं नावच काढलं जात नाही. दलवाई म्हणत, हिंदू उदारमतवादी संवादाच्या नावाखाली मुस्लिम समाजातल्या सनातन्यांनाच मोठं करतात. सुधारणा मागणारा एकटा पडतो. चार धर्मगुरूंना व्यासपीठावर बसवलं की नेमकं हेच होतं. मौलाना म्हणजे इस्लाम, कीर्तनकार म्हणजे हिंदू धर्म, असा शिक्का बसतो. 18 एप्रिल 1966 ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढणारा माणूस अशा पत्रिकेत कुठल्या रांगेत बसला असता? पण हे दलवाई आले कुठून, तेही बघायला हवं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा मुलगा राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढला. 1941 मध्ये एस. एम. जोशींनी दलप्रमुख म्हणून नव्याने बांधलेलं हे दल. खेळ, गाणी, श्रमदान, अभ्यासवर्ग, आणि साने गुरुजींच्या 1947 च्या पंढरपूर मंदिरप्रवेशाच्या दौऱ्यात कलापथक. दलाच्या मर्यादा होत्याच. मुस्लिम मुलं त्यात कधीच फार नव्हती. तरीही त्याच मातीतून असा माणूस निघाला ज्याने आधी स्वतःच्या समाजाला प्रश्न विचारले आणि मग ज्यांनी त्याला वाढवलं त्या समाजवाद्यांनाही सोडलं नाही. पोरांना धर्माचे वकील म्हणून समोरासमोर बसवलं असतं तर हे झालं असतं का? माझ्या मते नाही. वकिलाला अशिलाविरुद्ध बोलता येत नाही. बंधाऱ्यावरच्या पोराला येतं.

धारावीचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. 1992-93 नंतर तिथे भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मोहल्ल्यांत काम केलं आणि चार धर्मांच्या चार लहान मुलांचं एक पोस्टर काढलं. ते खूप गाजलं, अजून दिसतं. देशभरच्या शाळांनी, मंडळांनी त्याची नक्कल केली. नक्कल पोस्टरची झाली. त्याआधी त्या दोघांनी गल्लीगल्लीत घालवलेल्या रात्रींची कुणी केली नाही. आमच्या महाविद्यालयाची ती चार नावांची पत्रिका त्याच नकलेची नक्कल होती. तिच्यावरून पंधरा दिवस भांडणारे दोन्हीकडचे लोक, पोस्टर लावायचं की फाडायचं एवढ्यावरच भांडत होते.

काम करायला आपल्याकडे परदेशी नमुन्याच्या नव्या संस्थाही नकोत. 24 सप्टेंबर 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर हे तिच्या नियमातच आहे. गावोगाव तरुण मंडळं आहेत, कबड्डीचे संघ आहेत, तालमी आहेत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, जिथे रात्री अकरापर्यंत सगळ्या जातीधर्मांची पोरं एकाच पंख्याखाली तेच पुस्तक पाठ करतात आणि एकमेकांशी अक्षरही बोलत नाहीत. सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसवतात. ते मंडळही तरुणांचंच. या सगळ्या जागा आहेत. पाळ्या हजेरीपटाप्रमाणे लावायच्या, काम खरं द्यायचं, आणि भांडण झालं की आमच्यासारख्यांनी धावत जायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, स्वतःवरून सांगतो.

मागच्या गणेशोत्सवाआधी शांतता समितीच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. ज्येष्ठ नागरिक म्हणून. पोलीस ठाण्याच्या आवारात मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत सगळ्या धर्मांचे प्रतिष्ठित. साहेबांनी डीजेचे नियम वाचून दाखवले, मिरवणुकीचा मार्ग सांगितला, 'तरुणांनी अफवांवर विश्वास ठेवू नये' असं आवाहन केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्यांना आवाहन होतं ते मंडळांचे कार्यकर्ते आणि पलीकडच्या मोहल्ल्यातली पोरं फाटकाबाहेर आपापल्या मोटरसायकलींवर बसली होती, पुढाऱ्यांना सोडायला आलेली, मान खाली घालून मोबाइल बघत. मी चहाचा कप ठेवून बाहेर गेलो आणि एकाला म्हटलं, आत खुर्च्या रिकाम्या आहेत, या की. तो म्हणाला, "आमचं काय काम तिथे, काका?"